कुत्रं शिंकतं तेव्हा



लोणच्याच्या मर्यादेवरचा मागचा लेख वाचून बऱ्याच जणींचे फोन आले. लोणच्याचं बोलून झाल्यावर त्यातल्या तिघींनी वेगळाच प्रश्न विचारला. एकीच्या नातवाने पग आणलाय, एकीच्या शेतावर राखणीचं कुत्रं आहे आणि तिसरी रोज सकाळी गल्लीतल्या चार कुत्र्यांना पोळी घालते. तिघींचं म्हणणं एकच, "काकू, आमचं कुत्रं सारखं शिंकतंय. सर्दी झाली असेल का? काही द्यावं का?" आमच्या गल्लीतल्या भुऱ्याची हकीगत त्यांच्या कानावर गेली होती, म्हणून मला विचारलं. एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा इथे सगळ्यांसाठीच लिहिते.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. शिक्षण कॉमर्सचं, आयुष्य स्वयंपाकघरात गेलं. पण भुऱ्याच्या निमित्ताने जिंतूर-परभणी अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या, तिथल्या डॉक्टरांना विचारून विचारून मी वहीत लिहून घेतलं. ती वही समोर ठेवूनच हे लिहितेय.

पहिल्यांदा शिंकेचा धसका काढून टाकू. आपल्याकडे शिंकेला उगाच बदनाम केलंय. कामाला निघताना कुणी शिंकलं की दोन मिनिटं थांबायचं, काम बिघडलं की माशी कुठे शिंकली म्हणून शोधायचं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात लोकमूढता सांगितली आहे, शिंकेचे शकुन-अपशकुन मी त्यातच धरते. माझी एक स्थानकवासी मैत्रीण आहे, तिने मला एक छान गोष्ट सांगितली. त्यांच्या सामायिकाच्या पाठात कायोत्सर्गाला उभं राहण्याआधी काही गोष्टींची सूट मागून घेतात. श्वास, खोकला, शिंक, जांभई, ढेकर. शरीर स्थिर ठेवायचं, पण या गोष्टी आपल्या हातात नसतात, त्यांच्यामुळे कायोत्सर्ग मोडत नाही. किती शहाणपणाची सूट आहे ती! शिंक हा देहाचा धर्म आहे. नाकात नको ते शिरलं की देह ते जोराने बाहेर टाकतो. माणसाचं तसं कुत्र्याचं.

फरक एवढाच की कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आणि ते सतत जमिनीला लागलेलं. आपण डोळ्यांनी गल्ली बघतो, ते नाकाने बघतं. त्यामुळे धूळ, धूर, वास त्याला आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा जास्त झोंबतात. आता आपलीच घरं आठवा. सकाळी धूप, उदबत्ती. फरशीला फिनेल. संध्याकाळी डासांची कॉइल. उन्हाळ्यात तिखट कुटायला काढलं की माणसं गल्लीभर शिंकतात, मग त्या बिचाऱ्याने काय करावं? खरिपात सोयाबीनच्या मळणीचा भुसा, दिवाळीत फटाक्यांचा धूर, गादीवाल्याने कापूस पिंजायला घेतला तर तोही. अशा वेळी कुत्रं चार-सहा वेळा शिंकलं, डोकं झटकलं आणि शेपूट हलवत पुढे गेलं, तर काहीही करायची गरज नाही. शेतावरच्या कुत्र्यासाठी विचारलं त्या ताईंना मी म्हटलं, मळणीच्या दिवशी त्याला खळ्यापासून लांब बांधा, दोन दिवसांनी बघा. थांबली शिंक.

पग असलेल्या घरी मात्र जरा वेगळं आहे. चपट्या तोंडाची कुत्री माणसाने हौसेपायी तशी घडवली. नाक आखूड केलं, पण आतलं पडदे-मांस तेवढंच राहिलं. त्यामुळे ती घोरतात, फुरफुरतात, शिंकतात. त्यांच्यात आणखी एक प्रकार दिसतो, उलटी शिंक. इतर कुत्र्यांतही होतो, पण लहान आणि चपट्या तोंडाच्यांत जास्त. कुत्रं एकदम उभं राहतं, मान पुढे ताणतं, पुढचे पाय फाकवतं आणि हवा बाहेर टाकायच्या ऐवजी खर्र खर्र करत आत ओढायला लागतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गेलंच हे, घशात काहीतरी अडकलं. अर्धा-एक मिनिट चालतं आणि मग जणू काही झालंच नाही असं ते खेळायला लागतं. टाळूच्या मागचा भाग चाळवला जातो म्हणून असं होतं. त्या वेळी आरडाओरडा न करता गळ्यावरून हलक्या हाताने खाली कुरवाळायचं, थोपटायचं. बहुतेक वेळा दुसरं काही लागत नाही. मात्र दिवसातून वारंवार व्हायला लागलं, किंवा त्यात हिरड्या-जीभ निळसर दिसली, तर थांबू नका. आणि एक काम नक्की करा, असं होताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात नेल्यावर कुत्रं हटकून ठणठणीत असतं, मग डॉक्टरांना तोंडाने खर्र खर्र करून दाखवायची वेळ आपल्यावर येते.

खेळतानाही कुत्री शिंकतात, हे मला माहीत नव्हतं. दोन कुत्री मस्ती करत असतील तर मध्येच फुस फुस करून शिंकतात. ती एकमेकांना सांगत असतात की हे खेळणं आहे, भांडण नाही. याहून गंमत आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांची. बोट्सवाना देशात ओकावांगो नावाच्या प्रदेशात अभ्यासकांनी त्यांचे कळप पाहिले, २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. विश्रांतीनंतर शिकारीला निघायचं की नाही हे कळपात शिंकांवर ठरतं म्हणे. पुरेशा शिंका पडल्या तर कळप उठतो, नाहीतर पुन्हा आडवा होतो. म्होरक्यांपैकी कुणी पुढाकार घेतला असेल तर थोड्या शिंकांत भागतं, साध्या सभासदाने घेतला तर जास्त लागतात. आमच्या महिला मंडळाच्या बैठका डोळ्यांसमोर आल्या, खोटं कशाला बोलू.

हे झालं बिनकाळजीचं. आता काळजीचं.

आपल्या भागात पावसाळा सरला की पहिला संशय कुसळाचा घ्यायचा. नेमगिरीला पायवाटेने दर्शनाला गेलेल्या प्रत्येकीला कुसळ माहीत आहे. साडीच्या काठात अडकलं की घरी येऊन तासभर वेचत बसायचं. त्याला बारीक उलटे काटे असतात, ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कुत्रं गवतात तोंड घालतं आणि कुसळ नाकपुडीत शिरतं. मग जे होतं ते साध्या शिंकेसारखं नसतं. मघापर्यंत बरं असलेलं कुत्रं अचानक एकामागून एक जोरजोरात शिंकायला लागतं, पंजाने नाक ओरबाडतं, जमिनीवर तोंड घासतं, कधी एका नाकपुडीतून रक्ताचा थेंब येतो. आणि फसवणूक पुढे आहे. दुसऱ्या दिवशी शिंका कमी होतात, आपल्याला वाटतं निघालं वाटतं. ते आतच असतं. आठ-पंधरा दिवसांनी त्याच एका नाकपुडीतून घाण वासाचा पू यायला लागतो. म्हणून अशी अचानक झड लागली आणि नाक ओरबाडणं दिसलं, तर शिंका थांबल्या तरी दाखवून आणा. टोक बाहेर दिसत असेल तर गोष्ट वेगळी, पण आत चिमटा घालू नका. डॉक्टर गुंगी देऊन, उजेडाचं यंत्र घालून काढतात.

म्हाताऱ्या कुत्र्याचं नाक बिघडलं तर आधी तोंड बघावं, हे मला नवीनच कळलं. वरच्या दातांची मुळं, विशेषतः सुळ्याची, नाकाच्या पोकळीला अगदी लागून असतात. दात किडला, मुळाशी पू झाला की मधलं पातळ हाड झिजतं आणि तोंडातून नाकात वाट पडते. मग ते कुत्रं खाल्लं-प्यायलं की शिंकतं. कितीही नाकाची औषधं करा, दात काढल्याशिवाय शिंक जात नाही.

पिल्लाच्या शिंकेला मात्र कधीही हलकं घेऊ नका. शिंकेबरोबर डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट शेंबूड, ताप, खाणं बंद, मागून जुलाब असं असेल तर तो डिस्टेंपर असू शकतो. त्यात पुढे झटके येतात आणि फार थोडी पिल्लं वाचतात. त्याची लस असते, सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून देतात. पिल्लू हौसेने आणता तर पट्टा घ्यायच्या आधी लस टोचा. गल्लीत कुत्री व्यायली की आपण शिरा करून घालतो, त्या शिऱ्याच्या पैशांत एखाद्या पिल्लाची लस होते का, तेही बघा.

आणि रक्त. नाकातून रक्त आलं की ती सर्दी नव्हे, एवढं पक्कं धरून चाला. मार लागला असेल, कुसळ असेल, गोचिडांपासून होणारा ताप असेल. या तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, मग नाकातून रक्त येतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रं मलूल होतं. रक्त तपासलं की कळतं आणि वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर बहुतेक बरी होतात. लांब तोंडाच्या कुत्र्यांना, आपल्या कारवानी कुत्र्यांसारख्या, नाकात बुरशी होते. वय झालेल्यांना गाठी होतात. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांत आणखी एक गोष्ट होते, जी आमच्या भुऱ्याला झाली.

भुऱ्या आमच्या गल्लीचा. कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा. वय पाच-सहा असेल. दिवसभर मंदिराच्या कोपऱ्यावर पडलेला असायचा, संध्याकाळी अंथऊच्या वेळी, म्हणजे दिवस मावळायच्या आत आपली जेवणं उरकतात त्या वेळी, बरोबर आमच्या ओट्यापाशी हजर. दिवाळीनंतर तो शिंकायला लागला. फटाक्यांचा धूर आठ दिवसांत निवला, शिंका निवल्या नाहीत. मी वहीत तारखा मांडायला सुरुवात केली, हिशेबाची सवय जात नाही. दहाव्या दिवशी ओट्याच्या शहाबादी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. नेहमी डावी नाकपुडी. मग नाकाचा वरचा भाग एका बाजूने फुगल्यासारखा दिसायला लागला. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, गाठ वाटते, परभणीला कॉलेजात दाखवा.

गल्लीत ही बातमी पसरायला किती वेळ? कॅन्सर आहे म्हणे. मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. नगरपालिकेला कळवा. आमच्या मंडळाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ वहिनी, ज्यांना मी मनापासून मानते, त्या म्हणाल्या, "अगं, आता त्याचा काळ जवळ आला. परभणीला नेऊन त्याला छळण्यापेक्षा रोज जवळ बसून णमोकार ऐकवा. जीवंधर कुमाराने कुत्र्याला णमोकार ऐकवला, तो यक्षेंद्र झाला. त्याची गती सुधारेल, तुझं पुण्य होईल." बैठकीत बऱ्याच माना हलल्या. दुसरी म्हणाली, जीवदयेचा पैसा गोशाळेसाठी असतो, कुत्र्याच्या कॅन्सरसाठी नाही. तिसरी म्हणाली, ज्याचं असातावेदनीय त्याला भोगायचंच आहे.

मला रात्रभर झोप आली नाही. वहिनींचं म्हणणं टाकून देण्यासारखं नव्हतंच. धर्माने कुत्राही देव होतो आणि पापाने देवही कुत्रा होतो, हे आपण रत्नकरंडात वाचलेलं आहे. णमोकाराच्या सामर्थ्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सकाळी उठून मी जीवंधरांचीच कथा पुन्हा काढून वाचली. त्या कुत्र्याला लोकांनी मारून अर्धमेलं केलं होतं. जीवंधर कुमार तिथे पोचले, त्यांनी आधी त्याला वाचवायचा प्रयत्न केला. तो वाचणार नाही असं दिसलं, तेव्हा त्याच्या कानात मंत्र सांगितला. हा क्रम महत्त्वाचा आहे मैत्रिणींनो. आधी प्रयत्न, मग मंत्र. आम्ही भुऱ्याला एकाही डॉक्टरच्या हाताखालून न काढताच त्याचा अंतकाळ ठरवून मोकळ्या झालो होतो.

दुसरं मला असं वाटलं. आपल्याकडे दानं चार सांगितली आहेत, आहार, औषध, ज्ञान आणि अभय. मुक्या जीवांच्या वाट्याला आपण करुणेने आहार देतो, पोळी, भाकर, दूध. ते सोपं आहे, ओट्यावरून टाकता येतं. औषधदानाला ओट्यावरून खाली उतरावं लागतं. कर्म त्याचं त्याला भोगायचंय हे खरंच, पण त्याचं कर्म पाहून आपण काय करतो ते आपलं कर्म, त्याचा हिशेब आपल्याच खात्यात मांडला जाणार. हे मी दुसऱ्या बैठकीत बोलले. वहिनी काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "टेम्पो कितीला ठरवलास?" आणि पदराची गाठ सोडली. गोशाळेच्या पैशाला हात लावायचा नाही, वेगळी वर्गणी काढायची असं ठरलं.

परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे आपल्या जिल्ह्याचं केवढं भाग्य आहे ते आपल्याला माहीतच नसतं. आधी ते कृषी विद्यापीठात होतं, आता नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली आहे. आपल्याला वाटतं तिथे गाई-म्हशी, बैल, फार तर शेळ्या. मी गेले त्या दिवशी कुत्र्यांचीही रांग होती. भुऱ्याच्या नाकातून थोडासा नमुना घेतला, काचेवर पसरला, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. फार वेळ लागला नाही. डॉक्टर म्हणाले, गाठच आहे, पण बरी होणारी आहे.

ही गाठ विचित्र असते. एरवी कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हा लागतो, पण फक्त कुत्र्यांत. माणसाला नाही. कुत्री मीलनातून, चाटण्या-हुंगण्यातून एकमेकांना देतात. तिच्या पेशीच एका देहातून दुसऱ्या देहात जाऊन रुजतात. हुंगण्यातून आली तर नाकात वाढते, नर जास्त हुंगतात म्हणून नाकातली त्यांच्यात जास्त. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीला आपण नाकं मुरडतो, त्याचं हेही एक कारण ध्यानात घ्यावं. शास्त्रज्ञ सांगतात, जगभरच्या कुत्र्यांतल्या या गाठी काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून आलेल्या आहेत. तो कुत्रा केव्हाच गेला, त्याच्या पेशी देहामागून देह बदलत अजून जिवंत आहेत. हे ऐकून मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. एखाद्या माताजींना विचारायचं ठरवलंय.

औषधाचं नाव व्हिनक्रिस्टीन. आठवड्यातून एक इंजेक्शन, शिरेतूनच, साधारण चार ते सहा. मी विचारलं, यात प्राण्याचं काही नाही ना? डॉक्टर हसले. म्हणाले, आजी, तुमच्या अंगणात सदाफुली आहे का? तिच्यापासून निघतं. माझ्या अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी पांढरी आणि गुलाबी, दोन्ही आहेत. किती वर्षं पाणी घालतेय, आणि त्यांच्या पोटात हे दडलंय हे मला माहीत नव्हतं! माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरलाही, लहान लेकरांनासुद्धा, हेच देतात. पण हात जोडून सांगते, सदाफुलीची पानं वाटून कुत्र्याला किंवा कुणालाच देऊ नका. ती विषारी आहे. ढीगभर पानांतून कणभर औषध निघतं, ते शुद्ध करावं लागतं. तेच औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी-मांस जाळतं, म्हणून ते डॉक्टरांच्याच हातचं काम. दर वेळी आधी रक्त तपासतात, कारण पांढऱ्या पेशी उतरतात. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस खाणं कमी होतं, उलटी होते. त्या दिवसांत त्याची घाण हातमोजे घालून उचलायची.

सहा आठवडे, सहा फेऱ्या. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटरच्या आसपास. औषधापेक्षा माणसं लागतात हे मला कळलं. एक धरणारा, एक टेम्पोवाला, एक थांबणारी. पहिल्या फेरीला मी आणि शेजारचा मुलगा होतो, चौथ्या फेरीला जागेवरून भांडण. दुसऱ्या इंजेक्शननंतर रक्त थांबलं. तिसऱ्यानंतर नाकाची सूज उतरलेली डोळ्यांना दिसायला लागली. संक्रांतीच्या वाणाला बायका आल्या तेव्हा भुऱ्या ओट्याखाली पाय पसरून घोरत होता, एकही शिंक नाही. वहिनींनी त्याला रोज णमोकार ऐकवला, तोही सहा आठवडे. त्यांचं म्हणणं की गुण त्याचा आला. आला असेल. माझ्या वहीत दोन्ही जमेच्या बाजूला लिहिलंय.

अंगावरच्या गोचिडांचा प्रश्न बऱ्याच जणींना पडेल, मलाही पडला. गोचीडही जीवच. प्रत्येकीने आपल्या व्रताप्रमाणे आणि गुरूंना विचारून ठरवावं. मी अंगण कोरडं ठेवते, भेगा बुजवते, पोतं उन्हात टाकते, म्हणजे मुळात ती होऊच नयेत. पण तापाने कुत्रं मरायला टेकलेलं असताना डॉक्टरांनी दिलेलं औषध मी नाकारलं नाही, नाकारणार नाही. संकल्पी हिंसा वेगळी आणि ही वेगळी, असं माझं मत आहे.

घरच्या घरी काय करावं असं विचाराल तर फार काही नाही. नाक ओल्या मऊ कपड्याने पुसा. पाणी भरपूर ठेवा. धूर, कॉइल, फिनेल त्याच्यापासून लांब. कापूर असलेले बाम नाकाला चोळू नका, तेलाचे थेंब नाकात सोडू नका आणि आपल्या सर्दी-तापाच्या गोळ्या अजिबात देऊ नका. आपल्याला साध्या वाटणाऱ्या कित्येक गोळ्या कुत्र्याला जिवावर बेततात. कुणी लसणाचा काढा सांगेल, तोही नको. कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त बिघडवतो. आपल्या घरची पोळी-भाजी त्या दृष्टीने आधीच बरी, हे ऐकून मला उगाच अभिमान वाटला. मनुका आणि चॉकलेट मात्र आपल्याकडेही असतं, ते त्याला घालू नका.

नामदेव महाराजांची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत. कुत्रं भाकर घेऊन पळालं तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. त्यांचं नर्सी १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, मग हिंगोली वेगळा झाला. आपल्या मातीत कुत्र्यामागे धावण्याची परंपरा आहे, तेव्हा टेम्पोतून नेताना लोक हसले तर हसू द्या.

परभणीला न्यायचं असेल तर सकाळी लवकर निघा, कुत्र्याला उपाशीपोटी नेऊ की नाही ते आधी फोनवर विचारा, गुंगी द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं. पट्टा आणि मुसकं न्या, कितीही गरीब कुत्रं असलं तरी दुखल्यावर चावतं. जुनी चादर न्या. शिंका कधीपासून, एका नाकपुडीतून की दोन्हीतून, पाणी की पू की रक्त, खाल्ल्यावर वाढते का, हे कागदावर लिहून न्या. आणि व्हिडिओ. आमच्या टेम्पोवाल्या दादांना आता रस्ता आणि दवाखान्याचं फाटक, दोन्ही पाठ आहेत. जिंतूरच्या कुणाला नंबर हवा असेल तर मंदिरात विचारा, मी सकाळी अभिषेकाला असते.